सोसतं म्हणजे मानवतं नव्हे

बाटली साडेचारशे मिलिलिटरची, किंमत साडेसहाशे रुपये. लेबलवर सोनेरी पिस्टन आणि त्याखाली तीन वचनं : ऑइल खाणं थांबेल, धूर थांबेल, अ‍ॅव्हरेज वाढेल. वडिलांनी १९९६ साली घेतलेली आमची डिझेल जीप दोन महिन्यांपासून काळा धूर मारत होती, चढावर दम टाकत होती, अ‍ॅव्हरेजही पडलं होतं. म्हणून बाटली घेतली. ओतण्याआधी मिस्त्रींना विचारून घ्यावं, म्हणून कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेलो.

मिस्त्री डिझेल पंप आणि नोझलचे. उद्यमनगरात एके काळी शेतीच्या ऑइल इंजिनाचं सगळं काही मिळायचं, बिडाच्या ओतकामापासून पिस्टनच्या रिंगेपर्यंत. त्या काळात ते या बाकावर बसले, ते अजून उठलेले नाहीत. त्यांच्या मागच्या फळीवर माझ्या बाटलीसारख्याच लाल, निळ्या, सोनेरी बाटल्यांची रांग आहे. गिऱ्हाइकांनी आणलेल्या आणि तिथंच राहिलेल्या. त्या फळीला ते ‘देव्हारा’ म्हणतात.

सोबत आमचे सर होते, रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. नोकरीत असताना रीतसर परवाने काढून त्यांनी कॉलेजात बायोडिझेलचा छोटा प्लँट उभारला. हॉटेलांतलं तळणीचं वापरलेलं तेल आणि गावाकडचं करंजाचं तेल हा त्यांचा कच्चा माल. गेलं वर्षभर आमच्या जीपच्या टाकीत पाचातला एक भाग सरांच्या प्लँटमधला असायचा. मिस्त्रींना हे माहीत नव्हतं.

मिस्त्री : ठेवा तितंच देव्हाऱ्यात. एक जागा रिकामीच हाय.

मी : म्हणजे ओतायची नाही?

मिस्त्री : वता की. गाडी तुमची, पैसं तुमचं. फकस्त आत काय हाय तेवढं सांगा.

मी लेबल उलटसुलट करून पाहिलं. ‘प्रगत फॉर्म्युला’ एवढंच होतं.

मिस्त्री : खोकल्याच्या बाटलीवर सुदीक आतलं औषध लिवलेलं असतंय. हितं नाव न्हाई, गाव न्हाई. ह्यातल्या चार-पाच मी फोडून बगितल्यात. बोटावर घेतलं की मधागत तार धरतंय. म्हंजे जाड करायचं औषध. रिंगा झिजल्या, ऑइल वर चढाय लागलं, की हे घालायचं. जाड झाल्यालं ऑइल चार दिवस चढत न्हाई. आवाज बसतोय, धूर बसतोय, गिऱ्हाईक म्हणतंय जादू झाली. आन थंडीत पहाटं गाडी चालू केली की तेच जाड ऑइल वर रॉकरपातुर पोचायला येळ लावतंय. झीज तर तवाच जास्त हुतीया.

सर : जाड करणाऱ्या औषधाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण बाटली दिसली की तुम्ही सगळं रसायनच मोडीत काढता मिस्त्री, तिथं माझं अडतं. डब्यातलं ऑइल तरी नुसतं ऑइल कुठं असतं? डिझेल इंजिनाच्या चांगल्या ऑइलात दहा-वीस टक्के पूरकंच असतात. काजळी धुऊन काढणारं कॅल्शियमचं संयुग असतं. धुतलेल्या काजळीच्या गुठळ्या होऊ न देणारं दुसरं असतं. फेस मोडणारं तिसरं. आणि जस्त-फॉस्फरसचं एक असतं, ते कॅम आणि टॅपेट जिथं घासतात तिथं तापलं की धातूवर काचेसारखा पातळ थर धरतं. हे सगळं काढून घ्या आणि इंजिन चालवून दाखवा.

मिस्त्री : मग झालं की! पायजे ते आधीच डब्यात हाय, तर वरनं आनी कशाला?

सर : हे मी म्हणणार होतो, तुम्ही आधी म्हणालात. ही सगळी पूरकं धातूच्या त्याच पृष्ठभागावर जागा मिळवायला धडपडत असतात. ऑइल तयार करणारा त्यांचं प्रमाण बेतून देतो. आमटीत मीठ-मसाला बेताचा पडला असताना पाहुण्यानं येऊन खिशातली पूड सोडावी, तसं हे बाटलीचं. अमेरिकेत १९९० च्या दशकात टेफ्लॉनची भुकटी घातलेल्या पूरकांची लाट आली होती. तव्याला डोसा चिकटत नाही, तर पिस्टनची झीजही होणार नाही, असा लोकांचा हिशेब. १९९६ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं अशा एका गाजलेल्या पूरकाच्या जाहिरातींवर कारवाई केली. झीज कमी होते म्हणता, तर त्याचा पुरावा कुठं आहे, एवढाच मुद्दा होता.

मी : मग पूरक कशालाच उपयोगी नाही, असंच ना?

सर : असं नाही. काय कमी पडतंय हे मोजलं असेल, तर तेवढं भरून काढायला पूरक हवंच. डिझेलचंच बघ. तुझी जीप आली तेव्हा डिझेलच्या दहा लाख भागांत गंधकाचे हजारो भाग असायचे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ डिझेल आलं, त्यात फक्त १०. हवेसाठी हे चांगलंच झालं. पण गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलातले जे घटक धातूला चिकटून त्याला वंगण देतात, तेही निघून जातात. मग रिफायनरीत वंगणाचं पूरक घालावं लागतं. त्याला मोजमाप आहे. साठ अंश तापलेल्या डिझेलात पोलादी गोळी पोलादी चकतीवर घासतात. गोळीवर पडलेला चट्टा ४६० मायक्रॉनहून मोठा असेल, तर ते डिझेल नापास.

मिस्त्री : म्हंजे ते बी पंपावर यायच्या आधीच घातलेलं असतंय.

सर : असतं. पण ते नव्या गाडीच्या हिशेबानं. जुन्या पंपाला थोडं अधिक मिळालं तर बिघडलं कुठं? एक-दोन टक्के बायोडिझेल घातलं तरी वंगण लक्षणीय वाढतं. हे जगभर मोजलेलं आहे.

मिस्त्री : त्यापायीच लोक टाकीत टू-टी ऑइल घालत्यात. मोटरसायकलीचं! कुणी तरी सांगितलं, पंप गुळगुळीत चालतोय. जुनं लाइन पंप हाय, ते काय बी सोसतंय. त्याच्या कॅमला निम्मं वंगण इंजान ऑइलाचं. रोटरी पंपाचं मातर सगळं वंगण डिझेलचंच, त्यो न्हाई सोसत. माझ्याकडं येणाऱ्या मान्साला मी पयलं इचारतो, पंप कंचा? निम्म्या लोकास्नी ठावंच नसतंय.

एव्हाना मिस्त्रींच्या पोऱ्यानं जीपचं एक नोझल सोडवून आणलं होतं. टोकावर काजळीचा कोबीसारखा गड्डा. मिस्त्रींनी तो पितळी ब्रशनं झाडला, नोझल हँड टेस्टरला लावलं आणि दांडा दाबला. काटा १८० च्या आसपास आला. नोझलमधून फवारा आलाच नाही, एक वाकडी धार आली आणि टोकाला थेंब लोंबत राहिला.

मिस्त्री : हा बगा काळा धूर. थेंब जळत न्हाई, त्याची काजळी हुतीया. ह्याला बाटली न्हाई लागत, ह्याला हात लागतोय.

नोझल उघडलं, सुई पुसली, बैठक घासली, पुन्हा बसवलं. या वेळी दांडा दाबताच ‘कुर्र’ असा बारीक आवाज आला आणि पांढरं धुकं उडालं, सकाळी दऱ्यांत असतं तसं. मी नकळत हात पुढं केला. मिस्त्रींनी मनगट धरून मागं ओढला. त्या दाबाचा फवारा कातडी फोडून आत शिरतो, आणि वरून दिसायला फक्त टाचणी टोचल्यासारखं दिसतं.

सर : मिस्त्री, आता करंजाचं तेल भरून बघूया? कच्चं, गाळलेलं. माझ्या पिशवीत आहे.

मिस्त्री : तुमच्या पिशवीत कायम असतंय. ह्या टेस्टरात न्हाई. त्यो जुना हाय न्हवं, त्यात वता.

जुन्या टेस्टरला तेच नोझल लागलं. दांडा जड गेला. ‘कुर्र’ नाही, धुकं नाही. पिवळसर दोरा निघाला आणि समोरच्या पत्र्यावर आपटून ओघळला.

मिस्त्री : हे तुमचं पर्यायी इंधन.

सर : हे थंड इंधन. आता गरम करा.

स्टोव्हवर चहाच्या भांड्यात पाणी, पाण्यात तेलाचा डबा. चटका बसेल इतकं तेल तापल्यावर पुन्हा दांडा दाबला. दोरा तुटला होता. धुकं म्हणता येणार नाही, पण निदान पावसाची झड होती.

सर : चाळीस अंशांना डिझेलचा घट्टपणा दोन ते साडेचार सेंटीस्टोक. करंजाच्या तेलाचा त्याच्या दसपट. सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत तापवलं की पुष्कळ उतरतो. म्हणून अशी गाडी डिझेलवर चालू करायची, रेडिएटरच्या गरम पाण्यानं तेल तापवायचं, मग नळ फिरवायचा, आणि बंद करण्याआधी परत डिझेलवर यायचं. दोन टाक्या, दोन फिल्टर. आणि ही काही आजची कल्पना नाही. रुडॉल्फ डिझेलचं पेटंट १८९३ चं, चालतं इंजिन १८९७ चं. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेलचं एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चाललं.

मी : म्हणजे डिझेलनं इंजिन मुळात शेंगतेलासाठीच बनवलं होतं? असं वाचलंय कुठं तरी.

सर : तसं सगळीकडं छापून येतं, पण ते खरं नाही. ते इंजिन ऑटो कंपनीनं मांडलेलं, आणि खनिज तेलासाठीच बनवलेलं होतं. शेंगतेलाची कल्पना फ्रेंच सरकारची. त्यांच्या आफ्रिकेतल्या वसाहतींत भुईमूग पिकायचा, तिथल्या तिथं शक्ती मिळावी असा विचार. इंजिनात काही बदल न करता ते शेंगतेलावर चाललं, आणि बघणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या ते लक्षात आलं, असं खुद्द डिझेलनं पुढं सांगितलं. आपल्या शेजारी कर्नाटकात बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे उडुपी श्रीनिवास यांनी खेड्यांमध्ये होंगेच्या, म्हणजे आपल्या करंजाच्या, तेलावर जनरेटर चालवून दाखवले. त्या विजेवर शेतातले पंप चालले.

मिस्त्री : प्रदर्शनात चाललं, मला मान्य हाय. प्रदर्शन किती दिवस असतंय? आन जनरेटरचं म्हणाल, तर त्यो एका गतीनं, एका भारानं चालतोय. शेजारी त्येच काम करणारा मानूस बसल्याला असतोय. ह्यांची जीप दूध घालाय थांबणार, फाटकावर थांबणार, इंजान चालूच. भार नसला की आत पुरेशी ऊन न्हाई, तेल अर्धं कच्चं ऱ्हातंय. ते नोझलवर बसतंय, रिंगांच्या खाचांत बसतंय, आन उरल्यालं लायनरवरनं खाली ऑइलात. एका गुऱ्हाळवाल्यानं लिस्टर पद्धतीचं जुनं इंजान, साडेसहाशे फेऱ्यांचं, हंगामभर कच्च्या तेलावर चालवलं. अगदी निवांत चाललं बगा. हंगाम संपल्यावर ऑइल बदलाय मी खालचा नट काढला, तर काय बी पडंना. बोट घातलं. आत जेली.

सर : ते होतं. जवसाचं तेल दाराला लावलं की वाळून कडक होतं ना? वनस्पती तेलाच्या साखळ्यांत काही जोड मोकळे असतात. उष्णता आणि हवा मिळाली की ते एकमेकांना धरतात. जवसात असे जोड सगळ्यात जास्त, करडई-सूर्यफुलात बरेच, करंजात कमी, खोबरेलात नाममात्र. तळणीच्या कढईच्या कडेला जो चिकट तांबूस थर बसतो, तोच हा प्रकार. म्हणून तर मी कच्चं तेल कुणाच्या गाडीत घालत नाही. मी त्याचं बायोडिझेल करतो.

मिस्त्री : म्हंजे काय करता? पातळ?

सर : पातळ करायचं म्हणजे रॉकेल ओतायचं, ते नव्हे. तेलाचा रेणू म्हणजे एका खुंट्याला बांधलेले तीन लांब दोर समजा. शंभर लिटर तेलाला साधारण वीस लिटर मिथेनॉल, थोडा कॉस्टिक, साठ अंशांवर तासभर ढवळायचं. दोर खुंट्यापासून सुटतात. खुंटा म्हणजे ग्लिसरीन, ते काळपट होऊन तळाशी बसतं. वर राहतात ते सुटे दोर, म्हणजे बायोडिझेल. घट्टपणा चार-पाचावर येतो. डिझेलच्या जवळच.

मिस्त्री : आन मिथेनॉल म्हंजे त्येच न्हवं, दारूत आलं की मान्सं आंधळी हुत्यात?

सर : तेच. २०१५ ला मुंबईत मालवणीत शंभराहून जास्त माणसं गेली, ती त्यानंच. त्याची ज्योत दिवसा दिसतही नाही. म्हणून घराच्या परसात हे करू नका, असं मी प्रत्येकाला सांगतो.

मिस्त्री : बरं, हंडाभर काढलासा. सगळं दोर सुटलं का निम्मं बांधल्यालंच ऱ्हायलं, ते कसं कळतंय? वरनं तर सगळं पिवळंच दिसणार.

सरांच्या चेहऱ्यावर वर्गात चांगला प्रश्न आल्यावर यायचं ते हसू आलं.

सर : तीन मिलिलिटर बायोडिझेल घ्यायचं आणि सत्तावीस मिलिलिटर मिथेनॉलमध्ये टाकून हलवायचं. बायोडिझेल त्यात पूर्ण विरघळतं. कच्चं तेल विरघळत नाही. नळीच्या तळाशी तेलाचा एक थेंब जरी बसला, तरी ती खेप परत हंड्यात.

मिस्त्री : *(थोडं थांबून)* म्हंजे तुमच्याकडं बी टेस्टर हाय म्हणा.

सर : आहे तर. नाही तर मी आणि ही बाटली यात फरक काय?

चहा आला. दोघांचा सूर जरा खाली आला होता. मी वेगळीच कळ काढली : एवढं सगळं जमत असेल, तर मग गावोगावी हे का नाही?

सर : कारण तेल नाही. २००३ पासून मोगली एरंडाचं केवढं वारं होतं! पडीक माळावर लावा, पाणी नको, राखण नको, आणि बी गोळा करा. २००९ च्या धोरणात २०१७ पर्यंत वीस टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट होतं. २०१८ च्या धोरणानं ते २०३० पर्यंत पाच टक्क्यांवर आणलं. झाड माळावर जगलं, त्यात खोटं नाही. पण जगलं म्हणून फळलं नाही. बी हवं तर त्यालाही पाणी लागतं, खत लागतं. आणि पाणी-खत द्यायचं, तर शेतकरी ऊस का लावणार नाही? म्हणून माझा भरवसा वापरलेल्या तेलावर. तळलेल्या तेलातली ध्रुवीय संयुगं पंचवीस टक्क्यांवर गेली की ते खायला अयोग्य, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०१८ पासून आहे. ते तेल कोपऱ्यावरच्या वडेवाल्याकडं जाण्यापेक्षा माझ्या हंड्यात आलेलं बरं. पण सगळ्या शहराचं गोळा केलं, तरी सगळ्या शहराच्या गाड्या त्यावर चालणार नाहीत. हे मला मान्य आहे.

मिस्त्री : आन तुमचं नाव घेऊन दुसरीच धंदा करत्यात, त्याचं काय? हायवेला ‘बायोडिझेल’ची पाटी लावून कसलं तरी कारखान्याचं तेल विकत्यात. गिऱ्हाईक चार रुपये स्वस्त म्हणून भरून घेतंय आन महिन्यानं पंप घेऊन माझ्याकडं येतंय. आधी रेशनचं निळं रॉकेल हुतं. त्यात वंगण न्हाई, प्लंजरला रेघा पडायच्या. प्लंजर आन बॅरलमधी दोन-तीन मायक्रॉनची फट असतीया सर, केसाच्या पंचविसाव्या भागाएवढी. तितं रेघ पडली की गेलं.

सर : पंप गेला तर नवा मिळतो. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ इंधनातली भेसळ पकडायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भर दिवसा जाळून मारलं. स्वस्त इंधनाचा विषय निघाला की मला ते आठवतं.

कुणी काही बोललं नाही. मिस्त्री उठले आणि जीपकडं गेले. ऑइलची पट्टी काढली, फडक्यानं पुसली, परत घालून काढली, आणि उजेडात धरली.

मिस्त्री : दादा, ऑइल कवा घातलासा?

मी : चार महिने झाले. मधे घालावं लागलं नाही. म्हणून तर वाटलं, इंजिन चांगलं आहे.

मिस्त्री : ऑइल खाती म्हणून बाटली आणलासा न्हवं?

मी : ती वचनं लेबलवरची. मला धूर दिसला.

मिस्त्री : हितं या. वरच्या खुणेच्या वर अर्धा इंच ऑइल हाय. जुनं इंजान ऑइल पितंय, हे समजू शकतो. हे वाढवाय लागलंय!

त्यांनी पट्टी नाकाशी नेली, मग कालचा पेपर बाकावर पसरून त्यावर एक थेंब सोडला. आम्ही तिघं त्या थेंबावर वाकलो. आधी मध्यभागी काळा ठिपका राहिला. मग त्याच्या कडेनं करडं वलय सरकलं. आणि त्याच्याही बाहेर, कागदाच्या दोऱ्यादोऱ्यांतून, एक तेलकट, पारदर्शक वलय पसरत गेलं. खालच्या बातमीची अक्षरं त्यातून स्पष्ट दिसायला लागली.

मिस्त्री : हे भाईरचं वलय डिझेलचं. इंजान ऑइल एवढं पळत न्हाई. तुमच्या ऑइलात डिझेल उतरतंय.

सर : फीड पंप?

मिस्त्री : तोच असणार. खोलतो. आन ही तुमची बाटली वतली असती तर काय झालं असतं, सांगू? डिझेलनं पातळ झाल्यालं ऑइल हिनं जाड झालं असतं. प्रेशरचा काटा सरळ उभा ऱ्हायला असता. तुम्ही खूष. आतनं बेअरिंगा गेल्या असत्या. आन ऑइल आनी वर चढून सिलिंडरात शिरलं असतं, तर इंजान आपलंच ऑइल पिऊन पळत सुटतंय. चावी काढली तरी थांबत न्हाई.

टाकीतलं डिझेल ओढून पुढं देणारा फीड पंप उघडला. रबरी डायफ्राम बाहेर आला तो मऊ, फुगलेला, आणि घडीपाशी नखभर चिरलेला. मिस्त्रींनी तो बोटांत दाबून पाहिला. मला आता बोलणं भागच होतं. वर्षभर टाकीत काय जात होतं ते सांगितलं.

मिस्त्री : *(सरांकडं न बघता)* जुनं नायट्रिल रबर. तुमच्या तेलानं फुगलंय.

सर : फुगू शकतं. ते मी नाकारत नाही. जास्त प्रमाणात बायोडिझेल असलं तर जुनं रबर सोसत नाही, म्हणून तर मी पाचातला एकच भाग देत होतो. पण हे रबर मुळातलं, जवळजवळ तीस वर्षांचं. आणि २०२० नंतर डिझेल बदललं तेव्हा जुनी रबरं आकसून गळायला लागल्याच्या तक्रारी तुमच्याकडंही आल्या होत्या. तुम्हीच सांगितलं होतं मला.

मिस्त्री : आल्या हुत्या. पर हे आकसलेलं न्हाई, फुगलंय.

सर : *(डायफ्राम हातात घेऊन, बऱ्याच वेळानं)* हो. फुगलंय.

मग ते माझ्याकडं वळले.

सर : माझी चूक सांगतो. मी हंड्यातून काय निघतं ते दर खेपेला तपासलं. ते ज्या गाडीत जाणार, तिची रबरं कसली आहेत, हे एकदाही विचारलं नाही. वर्षभर जीप कुरकुरली नाही, तेव्हा मी तुला काय म्हणालो होतो? “मानवलं बघ तिला.”

मिस्त्री : मानवलं न्हाई सर. सोसलं. जुन्या इंजानाची हीच तर पंचाईत. नव्या गाडीत काय बी चुकीचं घाला, ती शंभर मीटरवर दिवा लावून उभी ऱ्हाते. हे बिचारं गप सोसतंय. आन आपुन म्हणतो, बगा, रॉकेल चालतंय, जळकं ऑइल चालतंय, गोडंतेल बी चालतंय. सोसतं म्हंजे मानवतं न्हवं.

सर : कबूल. पण तुमच्या बाजूनंही एक कबूल करा. हे काही माझं तेल वाईट असल्याचा पुरावा नाही. योग्य रबराचा डायफ्राम आणि नळ्या घातल्या, तर हेच इंधन हीच जीप चालवेल, आणि धूर कमी मारेल.

मिस्त्री : चालवंल. मी न्हाई म्हणत न्हाई. पर मग ते इंधन स्वस्त कुठं ऱ्हायलं? डायफ्राम बदला, नळ्या बदला. टाकीचा जुना गाळ सुटतोय म्हणून पयल्या दोन टाक्यांना फिल्टर बदला. ऑइल लवकर बदला. चार महिनं गाडी उभी ठेवायची असली तर टाकी रिकामी करा.

सर : स्वस्त आहे असं मी कधीच म्हणालो नाही. त्याच्याकडं लक्ष द्यावं लागतं. ज्याला लक्ष द्यायला वेळ नाही, त्यानं पंपावर जावं.

मिस्त्री : ही पाटी लावा तुमच्या प्लँटवर.

भांडण मिटलं असं मी म्हणणार नाही. मिस्त्रींचं म्हणणं होतं, आता कायमचं साधं डिझेल. सरांचं म्हणणं, नवी रबरं घातलीच आहेत तर दहा टक्क्यांपासून पुन्हा सुरू करू. शेवटी दोघांनी मिळून माझ्या वतीनं ठरवून टाकलं. पुढच्या ऑइल बदलापर्यंत निव्वळ डिझेल. त्यानंतर तेवढेच किलोमीटर सरांचं तेल. दर हजार किलोमीटरला पट्टीवरचा एक थेंब कागदावर. दोन्ही रांगा शेजारी ठेवायच्या आणि मग बोलायचं.

नवा डायफ्राम बसला. चारही नोझलं ‘कुर्र’ करून गेली. जुनं ऑइल डब्यात पडलं तेव्हा ते पाण्यासारखं पडत होतं. नवं पंधरा-चाळीस भरून, इंजिन पाच मिनिटं चालवून मिस्त्रींनी पहिला थेंब त्याच पेपरवर, जुन्या डागाच्या शेजारी सोडला. हा पळाला नाही. सोनेरी, गोल, जागच्या जागी बसून राहिला. माझी बाटली एव्हाना देव्हाऱ्यात गेली होती.

सरांनी खिशातलं पेन काढून थेंबाखाली तारीख घातली.

मिस्त्री : तारीख काय करायचीया सर? किलोमीटर लिवा. दादा, मीटर वाचा.

मी जीपमध्ये डोकं घातलं, आणि मग बाहेर काढायला जरा वेळ लावला.

मी : मीटर बंद आहे. पाच-सहा वर्षं झाली.

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचं पूर्ण एकमत झालेलं दिसत होतं.

मिस्त्री : मग अ‍ॅव्हरेज पडलंय, हे कशावरनं म्हणत हुतासा?

त्या दिवशी जीपला शेवटची बसली ती मीटरची केबल.